ढील

नाव पुकारलं की पोट्टा उठते, मी बसून रायतो.
"प्रज्वल हेडाऊ."
धंतोली, दुसरा माळा, कूलरमधल्या खसचा ओला वास,
अन् भिंतीवर किडनीचं चित्र,
भिजवलेल्या वालाच्या दोन दाण्यांवानी.

सोळाव्या वर्षी प्रोस्टेटचं दुखणं असते काय?
मी डॉक्टरले तीनदा विचारलं.
हे तर म्हाताऱ्याचं. माह्या बापाचं होतं.
ते म्हणाले, नाव तेच, गोष्ट निराळी.
जंतू सापडला नाई. चार महिने गोळ्या झाल्या,
घरी कोनाड्यात रिकाम्या पत्त्यांची चळत.
"खालचे स्नायू सैल होणं विसरले," म्हणाले,
अन् टेबलावर मूठ आवळून दाखवली.
बराच वेळ उघडली नाई.

आठ महिने सांगतलं नव्हतं त्यानं.
क्लासच्या बाकड्यावर दहा-दहा तास,
रात्री चारदा, पाचदा मोरीत,
अन् आम्हाले ऐकू जाऊ नये म्हणून
नळ सुरू ठेवे.
मी ओरडलो होतो. पाण्यासाठी.
टाकी काय तुह्या बापानं भरली, असं,
अन् बाप तर मीच.

पस्तीस वर्षं गोळीबार चौकात माग चालवला.
ताणा किती कसला हे मी हात न लावता सांगतो,
तुटायच्या आधी तार बारीक गाते.
शेजारच्या खोलीत पोट्टा असा कसला जात होता,
मले काईच ऐकू आलं नाई.

तिसऱ्या खेपेले ठवरे मॅडमनं मले आत बोलावलं,
प्रज्वलनंच म्हटलं होतं, येऊ द्या.
पट्ट्या, वायरी, चादर पांघरलेला तो,
अन् पडद्यावर एक हिरवी रेघ.
ती रेघ म्हणजे त्याचा आतला ताण,
जो मले सांगता आला नाई, तो तिथं लिहून येत होता.
"सोड," मॅडम म्हणे. रेघ वर.
"जोर लावून सोडू नको." रेघ आणखी वर.
क्लासच्या टेस्टचं नाव निघालं,
रेघ उडालीच.
पोट्ट्याच्या कपाळावर घाम, कूलर सुरू असून.
चांगला विद्यार्थी ना तो,
सैल होण्यातही पहिला नंबर पायजे होता त्याले.

मी बोलायचं नव्हतं. तरी तोंडातून निघालं,
"ढील दे रे."

संक्रांतीले गच्चीवर म्हणायचो तसं.
तो सहा वर्षांचा, हातात चक्री,
मांजा ओढूनच धरायचा, पतंग जाईल म्हणून,
अन् ओढल्यामुळंच कटायचा,
तिकडून शेजारची पोट्टी, ओ पार!
हसला तो. नाकातून, जरासा.
रेघ खाली आली. मॅडमनं श्वास रोखला,
मी रोखला,
त्यानं नाई रोखला.
मग त्याले दिसलं की खाली आली,
अन् ती पुन्हा वर गेली.
"चालते," मॅडम म्हणाली, कागदावर आकडा लिहिला.
सात सेकंद.

परत येताना पोह्याच्या गाडीवर थांबलो.
"एक बिना तर्रीचा."
गाडीवाल्यानं असं पाह्यलं
जसं आम्ही गावच सोडून चाललो.
प्रज्वल म्हणे, "बाबा, तुमीबी दात आवळता,
मागावर. मी लहानपणापासून पाह्यतो."
मी घास चावत होतो, थांबलो.
जबडा खरंच दुखत होता.
काहून दुखते, कधी विचारलंच नव्हतं.

आता अकरावा आठवडा.
घरी पडदा नाई, रेघ नाई,
तो फरशीवर उताणा पडून
डोळे मिटून कायतरी सोडत असते, वीस मिनिटं,
त्याची आई पंखा कमी करून दबक्या पायानं निघून जाते.
कधी दोनदा उठते रात्री, काल तीनदा उठला.
भाव पडल्यासारखं मन होते माहं, पण दाखवत नाई.

मोरीचा दिवा लागते.
नळ बंदच असते आता.
मी जागाच असतो भिंतीच्या इकडं,
ऐकतो, अन् कूस बदलतो,
त्याले कळावं की मी जागा आहे,
पण कळल्याचं त्यानं दाखवू नये.